रानगुरवाचा भादवा

भादवा लागला की आमच्या कॉलनीतली कुत्री ओळख विसरतात. एरवी दुधाच्या पिशवीमागे शेपूट हलवत येणारी ही जनावरं या दिवसांत मोकळ्या प्लॉटवर घोळका करून उभी राहतात, एकमेकांच्या मानेला तोंड घालतात आणि माणूस जवळून गेलं की सगळी एकदम वळून बघतात. पाऊस उघडलेला असतो. जळगावचं भादव्यातलं ऊन अंगाला चटके देतं, पण भिंतीच्या पायाशी शेवाळ अजून ओलं असतं. गवताचा, कुजलेल्या पाल्याचा आणि कुठूनतरी ओल्या केसांचा वास येतो. मी रस्ता बदलते. पन्नाशी उलटली तरी बदलते. मुलगा हसतो मला, तरीही.

गेल्या आठवड्यात त्याचे मित्र घरी जमले होते. त्यांचा तो खेळ चालला होता, ज्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि पुढे काय घडायचं ते फासे ठरवतात. त्यांच्यातली एक मुलगी ड्रुइड झाली होती. ड्रुइड म्हणजे जंगलाची पुजारीण. तिला गोष्टीत लांडगामाणसानं चावा घेतला आणि त्यावरून हॉलमध्ये वाद पेटला.

"पौर्णिमेला ती लांडगा होणार. तिची सगळी विद्या जाईल," माझा मुलगा म्हणाला. गोष्ट तो सांगत होता.

"का जाईल? जंगलच तिचा देव आहे ना? मग लांडगा झाली म्हणजे देवाच्या आणखी जवळ गेली की!" ती मुलगी म्हणाली.

"पण स्वतःच्या मर्जीनं नाही ना गेली!"

मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारात उभी होते. तिसरा एक चष्मेवाला मुलगा माझ्याकडे वळला. "काकू, तुम्हीच सांगा. पुजारणीला लांडगा होणं शोभतं का?"

मी ताटल्या टेबलावर ठेवल्या आणि आत गेले. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मी पूर्वी ऐकला होता. तोही भादवाच होता.

तेव्हा आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. नाना, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते. मी बारावीला होते आणि प्रकाशदादा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. आमच्या मागच्या खोलीत दादाच्याच वर्गातला भटू राहायचा. साक्रीच्याही पलीकडे, जिथे डोंगर सुरू होतात तिथलं त्याचं गाव. अंगानं काटकुळा, आवाज मोठा, आणि हसला की सगळे दात दिसायचे. आई त्याला आमच्यातलाच धरायची. भाकरी टाकताना त्याच्या नावाची एक जास्तीच टाकायची.

खेळ आणला तो दादानं. मुंबईच्या मावसभावाकडून तो झेरॉक्स कागदांचा एक गठ्ठा आणि चित्रविचित्र आकाराचे फासे घेऊन आला. ना पट, ना सोंगट्या. नुसती गोष्ट. दादा सांगणार, आम्ही दोघं त्या गोष्टीत राहणार. मी धनुष्यबाण घेतलेली मुलगी झाले. भटूसाठी दादा कागदातून एकेक पात्र वाचून दाखवत होता. इंग्रजी वाचून मराठीत सांगत होता, अडखळत. "हा बघ, हा जंगलातला पुजारी. देऊळ नाही, मूर्ती नाही. झाडं आणि जनावरं हाच त्याचा देव. त्याला जनावरांची भाषा कळते."

भटू उडालाच. "हाऊ ते मना आबा शे!"

आम्ही खूप हसलो. दादानं त्या पात्राचं नाव तिथल्या तिथे रानगुरव ठेवलं.

भटूचे आबा म्हणजे त्याचे आजोबा. ते गावच्या वाघदेवाचे पुजारी होते. गावाच्या शिवेवर सागाच्या झाडाखाली एक उभा दगड, त्याला शेंदूर, शेजारी लाकडाच्या खांबावर कोरलेला वाघ आणि वर सूर्य-चंद्र. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला आबा तिथे नारळ फोडायचे आणि रानाकडे तोंड करून मोठ्यानं सांगायचे, तुमचं तुमच्याकडे, आमचं आमच्याकडे. भटू हे सांगताना आवाज खाली आणायचा. आबांचा आजा म्हणे वाघ होऊन फिरायचा. दिवस मावळला की जायचा, उजाडायच्या आत परत यायचा, नाल्यावर तोंड धुऊन पूजेला बसायचा. मला ऐकताना काटा यायचा, आणि तो यावा म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारायची. अठरा वर्षांच्या आतली भीती अशीच असते, गुळासारखी चाटून खायची.

पोळ्याला भटू गावी गेला. परत आला तेव्हा गणपती बसलेले होते. आमच्या गल्लीत आरत्या चालल्या होत्या आणि हा मागच्या खोलीत दार लावून बसलेला. आईनं मोदक दिले, ते तसेच राहिले. दादानं विचारलं तर म्हणाला, "काही नाही, बैलांनी दमवलं." गल्लीत कुत्रं भुंकलं की मात्र तो दचकायचा. नुसता दचकायचा नाही, तर उठून उभा राहायचा.

त्याचं मन रमावं म्हणून दादानं खेळ काढला. दुपारची वेळ, मागची खोली, खिडकीतून येणारा उन्हाचा चौकोन. गोष्टीत आम्ही एका खिंडीतून चाललो होतो. दादानं आवाज दाबून सांगितलं, वरून काहीतरी उडी मारून आलं, माणसासारखं उभं राहणारं, लांडग्याच्या तोंडाचं. फासा पडला. रानगुरवाच्या हाताला चावा बसला.

भटूचा चेहरा असा झाला की मला वाटलं, त्याला भोवळ येतेय.

"आता?" त्यानं विचारलं.

दादानं कागद उलटले. "आता पौर्णिमेला तू लांडगा होणार. त्याआधी उतारा मिळाला तर वाचशील. नाहीतर रानगुरव म्हणून तुझी विद्या संपली."

"का संपली?" मीच भांडले. "रानगुरव आहे तो. लांडगा होणं त्याला शोभतंच. उलट रान त्याला आपलं म्हणतंय."

"तसं नसतं," दादा म्हणाला. "रानगुरव मनात येईल तेव्हा जनावराचं रूप घेतो आणि मनात येईल तेव्हा परत येतो. हा चावा म्हणजे रोग आहे. यात जाणं आहे, येणं नाही."

भटू आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. त्याला आधी कळतं का, की आपण बदलणार? तो घरच्यांनाही चावतो का? आणि ज्यानं जन्मभर रानाची पूजा केली, त्याला रानातलं जनावर कशाला रोग देईल? दादा उत्साहानं उत्तरं देत होता. त्याला वाटलं, भटू खेळात रंगला. मलाही तसंच वाटलं. फक्त शेवटचा प्रश्न विचारताना भटूनं स्वतःचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता.

त्यानंतर दोन-तीनदा आम्ही खेळलो, पण भटू दर वेळी पौर्णिमा पुढे ढकलायचा. कधी म्हणायचा, अभ्यास आहे. कधी म्हणायचा, आज उतारा शोधू. गणपती उठले. गल्लीतले मांडव सुटले, रात्री एकदम सुन्या वाटू लागल्या आणि कुत्र्यांचे आवाज मोठे झाले. त्या दुपारी दादा हट्टाला पेटला. "आज पौर्णिमा," तो म्हणाला. "आता फासा टाकल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही." त्यानं फासा उचलला.

"नको टाकू," भटू म्हणाला.

"अरे, खेळ आहे."

"नको टाकू, प्रकाश!" भटूनं त्याचा हात धरला. फासा उडून पलंगाखाली गेला. आणि इतके दिवस आमच्याशी आमच्यासारखं बोलणारा भटू एकदम त्याच्या बोलीत फुटला. "मना आबाले चावना शे लांडगा. पोळाना दिन. इंजेक्शन लेत नही तो."

मला आठवतं, खिडकीतला उन्हाचा चौकोन तसाच होता आणि मला थंडी वाजत होती.

हळूहळू कळलं ते असं. पोळ्याच्या संध्याकाळी बैल मिरवून झाल्यावर एक लांडगा सरळ गावात आला. एकटा, जीभ लोंबलेली, तोल जाणारा. कुणाला घाबरेना. त्यानं दोन बैलांना, चार माणसांना फाडलं. लोकांनी त्याला नाल्याकाठी काठ्यांनी मारलं. चावलेल्यांपैकी दोघं दुसऱ्या दिवशीच साक्रीला दवाखान्यात गेली. आबा गेले नाहीत. ते म्हणाले, "मी वाघदेवना पुजारी शे. माले रानना जनावरपाईन काय भ्याव?" आणि आबा गेले नाहीत म्हणून दगडूही गेला नाही. दगडू म्हणजे गावची गुरं राखणारा माणूस, बायको-लेकरांचा धनी. त्याला तर गालावर चावलं होतं. आबांनी भटूला बजावलं होतं, शहरात कुणाला सांगू नको, उगाच बोभाटा होईल.

नानांनी ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "उद्या पहिल्या गाडीनं जायचं," एवढंच बोलले. मीही येते म्हटलं तेव्हा आई नको म्हणाली, पण नानांनी थोडा विचार केला. "येऊ दे. म्हातारं माणूस माझ्याशी भांडेल. पोरीशी भांडणार नाही."

फाट्यावर एसटीनं आम्हाला सोडलं आणि ती धूळ उडवत निघून गेली. पुढे गावापर्यंत पायवाट. दोन्ही बाजूंना बाजरी उभी, दादाच्याही डोक्यावर गेलेली, कणसांनी जड झालेली. वारा नव्हता. तरी आत कुठेतरी सळसळ व्हायची आणि थांबायची. आम्ही चौघं ओळीनं चाललो होतो, भटू पुढे, नाना मागे. मी आयुष्यात पुष्कळ पिकं पाहिली आहेत, आजोळ नशिराबादचं, तिथल्या केळीच्या बागांत लपंडाव खेळत मोठी झाले. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पीक म्हणजे भिंत असते आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे ते तिला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. एक तितर फडफडत उडाला तेव्हा भटूच्या तोंडून जो आवाज निघाला तो अजून कानात आहे.

गावात भरदिवसा दारं लावलेली. पोरं ओट्यावर नाहीत, कोंबड्यासुद्धा डालग्याखाली. वाटेत दगडू भेटला. आडवा-तिडवा मजबूत माणूस, गालावर हळद थापलेली, त्यातून एक डोळा सुजून बारीक झालेला. नानांनी त्याला दवाखान्याचं सांगितलं. तो मोकळेपणानं हसला. "आबा शे ना, साहेब. आबाले काही व्हयनं नही, माले काय व्हई?"

आबा ओट्यावर बसले होते. मी कल्पनेत फार मोठा, जटाबिटा असलेला माणूस पाहिला होता. हे तर आमच्या शेजारच्या कुणाही आबांसारखे, पांढरी टोपी, कोपरी, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. त्यांनी नानांना बसायला घोंगडी टाकायला लावली. नानांनी सगळं समजावून सांगितलं. आबा ऐकत राहिले, मान हलवत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "तुमनं बठ्ठं खरं शे, साहेब. पन मना इसवास इगळा शे." सगळं खरं, पण विश्वास वेगळा.

तेवढ्यात घरातून भटूच्या थोरल्या भावाची चिमुरडी रांगत बाहेर आली. आबांच्या मांडीकडे निघाली. आणि आबा सरकले. हात मागे घेऊन, अंग चोरून, भिंतीला टेकेपर्यंत सरकले. पोरीची आई धावत आली नि तिला उचलून घेऊन गेली. ओट्याच्या टोकाला एक वेगळी थाळी पालथी घातलेली मला दिसली, शेजारी वेगळा तांब्या. भटूची आई दाराआडून हळूच म्हणाली, "पोळापाईन गोठामा निजतस. कोनले जवळ येऊ देत नही."

मला तेव्हा कळलं की या घरात सगळ्यांत जास्त भ्यालेला माणूस कोण आहे.

मी काय बोलावं ते ठरवून आले नव्हते. तोंडातून खेळच निघाला. "आबा, आम्ही एक खेळ खेळतो. त्यात भटू तुमच्यासारखा रानातला पुजारी आहे. त्याला लांडगा चावला."

नाना माझ्याकडे रागानं बघू लागले. आबा मात्र पुढे झुकले. "मंग?"

"दादा म्हणतो, पुजारी मनात येईल तेव्हा जनावर होतो आणि परत येतो. पण चावा बसल्यावर परत येता येत नाही."

आबांनी हातावरचं फडकं घट्ट केलं. मग म्हणाले, "मना आजा परत ये. नालावर तोंड धोये नि पूजाले बठे. आसं लोक सांगेत."

"तुम्हाला येता येईल?" मी विचारलं.

घराच्या आत रांगती पोर रडत होती, पणजोबांकडे जायचं म्हणून. तिचा आवाज आबा ऐकत राहिले. मग पालथी थाळी उचलून त्यांनी भिंतीशी उभी केली आणि भटूला म्हणाले, "मनं धोतर दे. नि दगडूले बलाव."

दगडूला बोलवायला माणूस गेला. दगडू आला नाही. आबा स्वतः त्याच्या घरापर्यंत गेले, तर तो गुरं घेऊन डोंगराच्या अंगाला निघून गेलेला. आबांनी हाका मारल्या. वरून हाक परत आली, "तुमी जा, आबा! तुमी माले भंडारा लाया ना? माले बस शे तो!" आबांनीच त्याच्या गालाला वाघदेवाचा भंडारा लावला होता, त्याला सांगितलं होतं, घाबरू नको. आता ते खाली उभे राहून घसा फोडून उलटं सांगत होते आणि तो वरून हसत होता. गाडीची वेळ झाली. साक्रीला उतरून नाना दवाखान्यात त्याच्याबद्दल सांगून आले, म्हणाले, माणूस पाठवतील. माणूस गेलाही. पण तेव्हाही दगडू डोंगरातच होता.

मग सुरू झाले ते दिवस. पोटात चौदा इंजेक्शनं, हा तेव्हा आमच्याकडे लहान मुलांना घाबरवायचा वाक्प्रचार होता. कुत्र्याला दगड मारशील तर पोटात चौदा! आता ती रोज सकाळी आमच्याच घरातल्या माणसाला घ्यायची होती. आबा मागच्या खोलीत भटूपाशी राहिले. सिव्हिल हॉस्पिटलमधून परत येताना ते पोटावर हात धरून, थोडे वाकून चालायचे, पण कण्हायचे नाहीत. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, उशीर झालाय, आशा ठेवू, आणि लक्ष ठेवा. पाण्याला घाबरतात का, बघा.

म्हणून आम्ही बघायचो. एक म्हातारा माणूस पाणी पितो, हे आम्ही सगळे श्वास रोखून बघायचो. आई उगाच भांडी लावत उभी राहायची. दादा दारातून. मी खिडकीतून. आबा तांब्या उचलायचे, वरून धार तोंडात सोडायचे, गळ्याची घाटी वर-खाली व्हायची, आणि आमचा जीव खाली पडायचा. मग दुपारच्या पाण्यापर्यंत तो पुन्हा वर चढायचा. एकदा त्यांना ठसका लागला. आईच्या हातातलं पातेलं पडलं. त्या आवाजानं आबाच दचकले आणि आमच्याकडे वळून बघू लागले. तेव्हा त्यांना कळलं की आम्ही काय बघतो. त्यानंतर ते मुद्दाम ओट्यावर येऊन, सगळ्यांसमोर पाणी प्यायला लागले. संकोचून, एखाद्या पाहुण्यानं वागावं तसे.

काही वर्षांनी मी स्वतः आई झाले. मुलाला ताप आला की रात्रभर त्याच्या छातीकडे बघत बसायची, श्वास चाललाय ना म्हणून. तेव्हा मला ती खिडकी आठवायची. भीतीचं असंच असतं. ती मोठं काही मागत नाही. रोजचं, साधं, कुणी कधी लक्ष देत नाही असं काहीतरी घडत राहू दे, एवढंच मागत असते.

दुपारी आबा म्हणायचे, खेळा. भटू नको म्हणायचा. आबाच आग्रह धरायचे. त्यांना रानगुरवाचं पुढे काय झालं ते हवं होतं. दादानं एकदा धीर करून तो वाद त्यांच्यापुढे मांडला. पुजाऱ्याला लांडगा होणं शोभतं की नाही?

आबांनी तंबाखू मळत विचार केला. "पुजारी काय करस?" ते म्हणाले. "राननं गावले सांगस, गावनं रानले सांगस. मधमा उभा ऱ्हास. तो लांडगा व्हई गया तर रान ते बोली. पन गावनं कोन बोली?"

दादानं ते झेरॉक्सच्या समासात लिहून घेतलं: रानाचं रान बोलेल, पण गावाचं कोण बोलेल? आम्हाला वाटलं, वाद मिटला. भटू कितीतरी दिवसांनी सगळे दात दाखवून हसला.

पितरपाख निम्मा उलटला होता. घराघरांतून खीर-वड्यांचा वास, कौलांवर कावळ्यांची गर्दी. अशा एका सकाळी आबांचं इंजेक्शन झाल्यावर दादा त्यांना घेऊन परत येत होता, आणि सिव्हिलच्या फाटकातून एक खटारा जीप आत गेली. मागे दगडू होता. चार जणांनी धरलेला.

दादा आबांना घरी सोडायला आला, पण आबा घरात आलेच नाहीत. तसेच मागे फिरले. आईनं मला डबा देऊन भटूबरोबर पाठवलं. दगडूची बायको कडुनिंबाखाली बसली होती. तिच्यासमोर पाण्यानं भरलेला तांब्या, त्यावर पदराचं टोक झाकलेलं, कारण ते पाणी आत कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नव्हतं. आतल्या खोलीतून आवाज येत होता. मी लांडगा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, हाच तो. भटूनं कानांवर हात ठेवले.

नर्सबाई म्हणाल्या, आत कुणी जाऊ नका. आबा मात्र थांबले नाहीत. फडकं बांधलेल्या हातानं दार लोटून आत गेले आणि दार लागलं. काही वेळानं तो आवाज कमी झाला. मग पुन्हा आला. आबांचाही आवाज येत होता, सावकाश, एकसुरी, जसे ते शिवेवर उभं राहून रानाशी बोलत असतील तसा.

आबा वाचले. हे आताच सांगते, कारण ते सांगायला जीभ वळते. इंजेक्शनं पुरी झाली, हिवाळा गेला, त्यांना काही झालं नाही. त्यानंतर ते कितीतरी वर्षं जगले. भटूच्या लग्नात मी त्यांच्या पाया पडले होते. वाघदेवाची पूजा त्यांनी सोडली नाही, पण गावात कुणाला कुत्रं चावलं, कोल्हं चावलं, की हे पहिल्या गाडीनं त्याला घेऊन धुळ्याला यायचे आणि आमच्याकडे उतरायचे. भंडारा लावायचे नाहीत. दगडूच्या थोरल्या मुलाला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं, शिकवलं. आमचा तो खेळ मात्र पुढे झाला नाही. दादानं गठ्ठा मावसभावाला परत पाठवून दिला.

पण मला आबा आठवतात ते त्या संध्याकाळचे. दगडू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. दिवस मावळायच्या सुमारास आबा दादाचा हात धरून आमच्या फाटकातून आले. ओट्याच्या पायरीवर बसले. गल्लीत दिवे लागत होते. नाना खुर्ची घेऊन त्यांच्याजवळ बसले, आई दारात उभी. मीच शेवटी खाली पायरीवर जाऊन बसले. मला ते एक विचारायचं होतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. त्यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं.

"नही, पोरी," आबा म्हणाले. "दगडू लांडगा व्हयना नही. माले वळखे. पोरेस्नं नाव ली ली सांगे. आबा, माले पानी द्या, म्हने, नि पानी दखीसन थरथर कापे."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लांडगा व्हई जाता तर बरं व्हतं. लांडगाले काही समजत नही. त्याले शेवटपावत बठ्ठं समजे."